किल्ल्या कुणाच्या कमरेला? संगणकातल्या सुरक्षा-चिपवरच्या अविश्वासाचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. ‘विंडोज ११ टाकायला गेलं की टीपीएम मागतं. हे टीपीएम म्हणजे काय, आणि जाणकार लोक त्याच्या नावानं इतकी वर्षं बोटं का मोडतात?’ पहिला भाग पाच मिनिटांत संपतो. दुसऱ्या भागाला तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि आज आपण त्यातच शिरणार आहोत.

आधी पाच मिनिटांचा भाग. टीपीएम ही मदरबोर्डवर बसवलेली एक छोटीशी चिप. हल्ली ती बहुतेक वेळा मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असते. तिच्यात कारखान्यातूनच घातलेली एक गुप्त किल्ली असते, आणि ती किल्ली चिपच्या बाहेर कधीच येत नाही. संगणक सुरू झाला की एकामागून एक जे जे प्रोग्राम जागे होतात, त्या प्रत्येकाचा ठसा या चिपमध्ये नोंदवला जातो. तुमच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराची वही असते ना, तशी ही वही समजा. एक फरक मात्र लक्षात ठेवा: टीपीएम कुणाला अडवत नाही, ती फक्त नोंद ठेवते. मग त्या नोंदीचे दोन उपयोग होतात. एक, ‘वही कालच्यासारखीच असेल तरच ही गुप्त गोष्ट उघड.’ हार्ड डिस्क कुलूपबंद करण्याची सोय याच तत्त्वावर चालते. आणि दोन, त्या वहीचं पान आपल्या गुप्त किल्लीनं सही करून बाहेरच्या कुणाला तरी पाठवायचं. ‘या संगणकावर आत्ता अमुक अमुक चालू आहे, आणि हे खरं आहे याची मी हमी देते.’ याला रिमोट अटेस्टेशन म्हणतात. गेल्या पंचवीस वर्षांतलं सगळं भांडण या दुसऱ्या उपयोगाभोवती फिरतं. वही घरमालकाला खाडाखोड करता येत नाही अशी आहे. आणि ती वाचणारा घराबाहेरचा आहे.

आता इतिहास. सुरुवात चिपपासून नाही, एका टेलिफोनपासून करावी लागेल.

एप्रिल १९९३ मध्ये अमेरिकेच्या क्लिंटन सरकारनं ‘क्लिपर’ नावाच्या चिपची घोषणा केली. एनएसए या गुप्तहेर संस्थेनं तयार केलेली ही चिप टेलिफोनमध्ये बसणार आणि तुमचं संभाषण सांकेतिक करणार. पण प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन तुकडे दोन सरकारी खात्यांकडे ठेवलेले असणार, म्हणजे कायदेशीर परवानगी मिळाली की पोलिसांना ऐकता येईल. लोक भडकले. १९९४ मध्ये बेल लॅब्जमधल्या मॅट ब्लेझ यांनी दाखवून दिलं की पोलिसांसाठी ठेवलेली ती खिडकीच फसवता येते, कारण तिची तपासणी अवघ्या १६ बिटांच्या बेरजेवर उभी होती. पुढच्या दोन वर्षांत क्लिपर संपलं. पण लोकांच्या मनात एक गोष्ट बसली ती बसलीच: ‘तुमच्या सुरक्षेसाठी’ म्हणून दिलेल्या चिपमध्ये दुसऱ्याची किल्ली असू शकते.

त्यानंतर जानेवारी १९९९. इंटेलनं जाहीर केलं की येणाऱ्या पेन्टियम ३ मध्ये प्रत्येक प्रोसेसरला वेगळा क्रमांक असेल, आणि तो सॉफ्टवेअरला वाचता येईल. ऑनलाइन खरेदी सुरक्षित व्हावी, हा हेतू. खाजगीपणासाठी झगडणाऱ्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली, आणि इंटेलच्या प्रसिद्ध ‘इनसाइड’ जाहिरातीवर ‘बिग ब्रदर इनसाइड’ असा डाव उलटवला. इंटेल म्हणाली, बरं, क्रमांक बंद करून देऊ. मग जर्मनीच्या ‘सीटी’ मासिकानं दाखवलं की बंद केलेला क्रमांक सॉफ्टवेअरनं पुन्हा चालू करता येतो. शेवटी पेन्टियम ४ मध्ये तो क्रमांक आलाच नाही.

गंमत अशी, की त्याच १९९९ साली कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्या एकत्र आल्या आणि ‘ट्रस्टेड कम्प्युटिंग प्लॅटफॉर्म अलायन्स’ नावाची आघाडी स्थापन झाली. टीपीएम ही या आघाडीची देणगी. पेन्टियम ३ वरचा धुरळा खाली बसायच्या आत हे झालं, आणि सुरुवातीला कुणाचं फारसं लक्षही गेलं नाही.

इथे जरा थांबू, कारण ‘ट्रस्टेड’ या शब्दानं मोठा घोळ घातलाय. मराठीत आपण त्याचं भाषांतर ‘विश्वासू’ असं करतो. विश्वासू नोकर, विश्वासू मित्र. म्हणजे ही त्या माणसाची तारीफ झाली. सुरक्षाशास्त्रात या शब्दाचा अर्थ तो नाही. तिथे ‘ट्रस्टेड’ घटक म्हणजे असा घटक, जो बिघडला किंवा फितूर झाला तर तुमची सगळी सुरक्षा कोसळते. म्हणजे विश्वासू नव्हे, तर ज्याच्यावर आपली भिस्त आहे तो. भिस्त आपण नाइलाजानंही ठेवतो. गाडीच्या ब्रेकवर भिस्त असते, म्हणून काही ब्रेकला प्रमाणपत्र मिळत नाही. आमच्या मते पुढचं अर्धं भांडण हे दोन शब्द वेगळे न ठेवल्यामुळे झालं. कंपन्या जाहिरातीत ‘विश्वासू’ म्हणत राहिल्या, टीकाकारांना ‘भिस्त’ ऐकू येत राहिली.

आता २००२. हे वर्ष नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर लोक इतके का चिडले ते कळणार नाही. नॅपस्टर नुकतंच बंद पडलेलं. संगीत आणि सिनेमाच्या कंपन्या घाबरलेल्या. मार्च २००२ मध्ये सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज यांनी अमेरिकन सिनेटमध्ये एक विधेयक मांडलं, की प्रत्येक डिजिटल यंत्रात नक्कल रोखणारी यंत्रणा सक्तीची करावी. ते मंजूर झालं नाही, पण सुरक्षा-चिपला टीकाकारांनी टोपणनाव ठेवलं ‘फ्रिट्झ चिप’. दुसरीकडे मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला चाललेला. २००० मध्ये न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला होता, तो २००१ मध्ये अपिलात रद्द झाला. आणि अशा वेळी, जून २००२ मध्ये, ‘न्यूजवीक’मधून बातमी आली की मायक्रोसॉफ्ट ‘पॅलेडियम’ नावाची योजना आखतेय. हार्डवेअरच्या आधारानं विंडोजच्या आत एक वेगळी बंद खोली, जिच्यात काय चाललंय ते बाकीच्या सॉफ्टवेअरला दिसणार नाही. बिल गेट्स यांनी त्या लेखात मोकळेपणानं सांगितलं होतं की विचाराची सुरुवात संगीतापासून झाली, नंतर लक्षात आलं की ईमेल आणि कागदपत्रं हा जास्त मोठा विषय आहे.

नाव पण काय निवडलं बघा. पॅलेडियम म्हणजे ट्रॉय नगरीचं रक्षण करणारी अथेनाची मूर्ती. आणि ग्रीक कथेप्रमाणे ती मूर्ती शत्रूनं चोरली, मग ट्रॉय पडलं. मायक्रोसॉफ्टमध्ये हे कुणाला आठवलं नसेल असं नाही, पण असो.

केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी लगेच प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात एक मोठं टिपण इंटरनेटवर टाकलं. सुरक्षा-अभियांत्रिकी या विषयातला तो फार मोठा माणूस. मार्च २०२४ मध्ये ते वारले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आजवर संगणक त्याच्या मालकाचं ऐकत आला. या योजनेत तो बाहेरच्या कुणाला तरी सही करून सांगेल की मालक काय चालवतोय. मग गाणी विकणारा म्हणेल, माझाच प्लेअर चालत असेल तर गाणं देतो. ते एक वेळ ठीक. पण वर्ड बनवणारी कंपनी म्हणेल, ही फाइल फक्त माझ्याच प्रोग्राममध्ये उघडेल. उद्या दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम घ्यायचा म्हटलं तर तुमचेच कागद तुम्हाला उघडता येणार नाहीत. ऑफिसमधला गैरव्यवहार उघड करणारा ईमेल ठरलेल्या तारखेला आपोआप वाचता न येण्यासारखा होईल. अँडरसन अर्थशास्त्राच्या अंगानं बोलत होते: प्रश्न चोरांचा नाही, गिऱ्हाईक किती घट्ट बांधलं जातं त्याचा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच वर्षी याला ‘दगाबाज संगणन’ अशा अर्थाचं नाव दिलं. स्टॉलमनना नावं ठेवायची हौस पहिल्यापासूनच.

दुसरी बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नव्हती. ऑक्टोबर २००२ मध्ये आयबीएमचे संशोधक डेव्हिड सॅफर्ड यांनी उत्तर लिहिलं. आमची चिप, ते म्हणाले, मालकाविरुद्ध टिकाव धरण्यासाठी बनवलेलीच नाही. ज्याच्या हातात यंत्र आहे त्यानं प्रयत्न केला तर ती फुटेल. त्यामुळे गाणी-सिनेमे राखायला ती निरुपयोगी आहे. तिचा उपयोग मालकाच्या किल्ल्या चोरांपासून सांभाळायला. आणि चिपच्या मजबुतीबद्दल ते खरंच बोलत होते. २०१० मध्ये क्रिस्टोफर टार्नोव्स्की यांनी ॲसिडनं आवरण विरघळवून, बारीक सुया टोचून इन्फिनिऑनची टीपीएम चिप फोडून दाखवली.

मधला मार्ग सुचवला तो इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या सेथ शोएन यांनी, २००३ मध्ये. आम्हाला या सगळ्या वादातली ही सर्वांत प्रामाणिक मांडणी वाटते. ते म्हणाले, बाकी सगळं ठेवा. बंद खोली ठेवा, किल्ल्यांची पेटी ठेवा. फक्त एक सोय द्या. मालक स्वतः यंत्रासमोर बसलेला असताना त्याला वहीच्या पानावर हवं ते लिहून बाहेर पाठवता आलं पाहिजे. व्हायरसला ते जमू नये, चोराला जमू नये, मालकाला जमावं. म्हणजे ‘तू अमुकच ब्राउझर वापरतोस का’ असं कुणी विचारलं, तर मालक म्हणेल ‘हो’, आणि आपलं काम करेल.

कंपन्यांचा आक्षेप सरळ होता: मग त्या सहीला किंमत काय? दुसऱ्या बाजूला बँक असेल, ऑफिस असेल, त्यांना खरं उत्तर हवंय. आता मंडळी, हा आक्षेप खोटा नाही. ऑफिसनं दिलेल्या लॅपटॉपबद्दल ऑफिसला खरं उत्तर मिळावं हे रास्तच आहे, कारण तिथे मालक ऑफिस आहे. पण घरी स्वतःच्या पैशानं घेतलेल्या संगणकाचं काय? शोएन यांची सूचना कुणी स्वीकारली नाही.

पॅलेडियमचं पुढे काय झालं? जानेवारी २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं नाव बदलून एक लांबलचक, जिभेवर न बसणारं नाव दिलं, आणि हळूहळू योजनाच आकसत गेली. २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्ये तिच्यातलं दिसण्यासारखं उरलं ते एवढंच: बिटलॉकर, म्हणजे टीपीएमच्या आधारानं डिस्क कुलूपबंद करण्याची सोय. गाणी अडकली नाहीत. वर्डच्या फाइली चिपला बांधल्या गेल्या नाहीत. लॅपटॉपांमध्ये टीपीएम येत राहिली, पुष्कळ वेळा बंद अवस्थेत, आणि बहुतेकांना ती आहे हे ठाऊकही नव्हतं. टीकाकार हरले नाहीत, जिंकलेही नाहीत. विषय थंड झाला.

पण अविश्वास संपला नव्हता, आणि त्याला नवं खाद्य मिळालं ते एका वेगळ्याच ठिकाणाहून.

२००६ पासून इंटेलनं आपल्या चिपसेटमध्ये ‘मॅनेजमेंट इंजिन’ बसवायला सुरुवात केली, आणि २००८ नंतर ते जवळपास सगळीकडे आलं. हा संगणकाच्या आतला दुसरा, छोटा संगणक. स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम. तुमचा संगणक बंद असला तरी प्लगला वीज असेल तोवर तो जागा राहू शकतो. मोठ्या कंपन्यांच्या संगणक विभागाला हजारो यंत्रं दुरून दुरुस्त करता यावीत, हा त्याचा एक मोठा उपयोग, आणि तो उपयोग खराच आहे. पण आत काय लिहिलंय ते इंटेलशिवाय कुणाला पाहता येत नव्हतं आणि ग्राहकाला ते बंद करायची सोय नव्हती.

मग आलं २०१७, आणि त्या एका वर्षात चार गोष्टी घडल्या.

मे महिन्यात कळलं की दुरून दुरुस्तीच्या या सोयीत एक भोक आहे. पासवर्ड तपासताना, समोरच्यानं जेवढी अक्षरं पाठवली तेवढीच ताडून पाहिली जात होती. मग काहीच न पाठवलं तर? शून्य अक्षरं शून्य अक्षरांशी जुळतात, दार उघडलं! अनेक वर्षांच्या प्रोसेसरांना ही चूक लागू होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं केली तर मास्तर कान पिळतील अशी.

ऑगस्टमध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या संशोधकांना मॅनेजमेंट इंजिनमध्ये एक लपलेला खटका सापडला. तो दाबला की इंजिन सुरुवातीचं आवश्यक काम आटोपून बसून राहतं. खटक्याचं नाव होतं एचएपी, म्हणजे अमेरिकन सरकारच्या ‘हाय ॲश्युरन्स प्लॅटफॉर्म’ या कार्यक्रमाची आद्याक्षरं. इंटेलनं मान्य केलं की त्या सरकारी कार्यक्रमाच्या चाचण्यांसाठी काही उत्पादकांच्या विनंतीवरून ही सोय केली होती. यात कट शोधायची गरज नाही. पण विचार करा: एका सरकारला आपल्या यंत्रातलं हे इंजिन गप्प करावंसं वाटलं, आणि त्याला ती सोय मिळाली. दुकानातून तेच यंत्र घेणाऱ्याला ती आहे हेसुद्धा सांगितलं गेलं नाही. आमच्या मते तीस वर्षांच्या या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट कुठली असेल तर ही. कारण इथे ‘चिप चांगली की वाईट’ हा प्रश्नच गळून पडतो. एकाच चिपच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत आणि कुणाच्या नाहीत, एवढंच उरतं.

त्याच वर्षी हेही पुढे आलं की नव्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये मिनिक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम चालते. मिनिक्स ही अँड्र्यू टॅनेनबॉम यांची. पहिल्यांदा १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली. टॅनेनबॉम यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिलं. परवान्याप्रमाणे तुम्ही मला सांगायलाच हवं असं नाही, पण सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, असा त्याचा सूर. ज्यानं लिहिलं त्यालाही पत्ता नाही, ज्याच्या घरात चाललंय त्यालाही नाही.

आणि ऑक्टोबरमध्ये खुद्द टीपीएमची पाळी आली. चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या मासारिक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की इन्फिनिऑनच्या चिप ज्या पद्धतीनं किल्ल्या बनवतात, त्या पद्धतीत खोट आहे; जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली काढता येते. एस्टोनिया या देशाची साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रं याच चिपवर होती. नोव्हेंबरमध्ये सरकारला त्यांची प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. या चिपना रीतसर प्रमाणित केलेलं होतं. आत डोकावायला मात्र कुणाला मुभा नव्हती. भिस्त होती.

सरकारांच्या अविश्वासाबद्दल दोन वाक्यं. चीननं टीपीएमऐवजी स्वतःची टीसीएम नावाची चिप पुढे केली. जर्मन सरकारनं २०१२ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्राच्या मालकाला अशा यंत्रणेवर पूर्ण ताबा असला पाहिजे, आणि २०१३ मध्ये, स्नोडेन प्रकरण ताजं असताना, त्यांच्या माहिती-सुरक्षा कार्यालयानं विंडोज ८ आणि टीपीएम २.० च्या जोडीमुळे ताबा काही प्रमाणात सुटतो असं सांगितलं. म्हणजे ही भीती फक्त दाढीवाल्या प्रोग्रामरांची होती असं म्हणता येत नाही.

आता आपण आजच्या काळात येतो. जून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की विंडोज ११ ला टीपीएम २.० लागेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. बंद पडून असलेली, विसरलेली चिप एकदम दारात उभी राहिली. चांगले चालणारे कितीतरी संगणक या अटीत आणि प्रोसेसरच्या अटीत बसत नाहीत, आणि पुण्या-मुंबईच्या दुरुस्तीच्या दुकानांत गेलात तर ‘याच्यात अकरा बसत नाही’ हे वाक्य ऐकू येईल.

नोव्हेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘प्लूटॉन’ जाहीर केलं: ही चिप आता प्रोसेसरच्या आतच. कारण पटण्यासारखं आहे. वेगळ्या टीपीएम आणि प्रोसेसरमधल्या तारांवरून बिटलॉकरची किल्ली ऐकता येते हे संशोधकांनी आधीच दाखवलं होतं. २०२४ मध्ये तर एकानं अगदी स्वस्त सर्किट लावून ४३ सेकंदांत ती काढली. चिप आत गेली की तार उरत नाही. पण चिप आत गेली की ती काढूनही टाकता येत नाही, आणि तिचं फर्मवेअर विंडोजच्या अपडेटमधून येऊ शकतं. एकच पाऊल, चोराला रोखणारं आणि मालकालाही थोडं मागे सारणारं. या इतिहासात असं दरवेळी होतं, म्हणून कुणालाही सरळ हो किंवा सरळ नाही म्हणता येत नाही. लेनोव्होनं २०२२ मध्ये आपल्या थिंकपॅडवर प्लूटॉन बंद ठेवूनच दिलं.

मग अँडरसन चुकले का? इथे आम्हाला थोडं स्पष्ट बोलायचंय. त्यांनी जे घडेल म्हटलं ते टेबलावरच्या संगणकात फारसं घडलं नाही. ते घडलं तुमच्या खिशात. अँड्रॉइड फोनवर बँकेचं ॲप उघडलं की ते गुगलच्या सेवेकडून विचारून घेऊ शकतं, ‘या फोनवर मूळ, न बदललेली सिस्टीम आहे का?’ फोनमधली सुरक्षा-चिप सही करून उत्तर देते. तुम्ही जुन्या फोनवर, कंपनीनं अपडेट देणं थांबवलं म्हणून, दुसरी ताजी आणि जास्त सुरक्षित सिस्टीम टाकली असेल, तरी उत्तर ‘नाही’ येऊ शकतं आणि ॲप उघडत नाही. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये तर अशा वेळी आतला एक फ्यूज कायमचा जळतो. आपल्याकडे भाजीवाल्यालासुद्धा यूपीआयनं पैसे देतो आपण. तिथे ॲप न उघडणं म्हणजे काय, ते सांगायला नको. शोएन यांनी जी सोय मागितली होती, तिची आठवण येते ती इथे. २०२३ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी हीच विचारपूस ब्राउझरमध्येही आणायचा प्रस्ताव मांडला होता. मोठा आरडाओरडा झाला आणि नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला गेला. १९९९ च्या बहिष्कारासारखंच झालं ते. ओरडलं की कधीकधी ऐकतात.

शेवटी चिठ्ठ्यांमधला एक व्यवहाराचा प्रश्न राहिला: ‘मग मी टीपीएम चालू करू की बंद?’ लॅपटॉप घेऊन फिरत असाल, तर चालू करा. लोकलमध्ये किंवा एसटीत लॅपटॉप चोरीला जाण्याचा धोका आजच्या घडीला कुठल्याही कंपनीच्या कारस्थानापेक्षा खरा आहे. पण बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी किल्ली शोधा. पुष्कळदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसलेली असते, तुमच्या हातात नसते. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या अपडेटनं जगभरचे संगणक निळे पडले, तेव्हा कितीतरी ठिकाणी दुरुस्ती याच अंकांपाशी अडली. ते ४८ अंक कागदावर लिहा, आणि कागद त्याच लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.